वस्ती हाच विषय : मुंबईतल्या एम.ए. प्रबंधांची शंभर वर्षे

(दादर येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा छापील पाठ)



मुंबई विद्यापीठाने १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग काढला आणि त्याची सूत्रे पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाकडे दिली. गेडिस मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक, पुढे नगररचनाकार. स्थळ, काम आणि लोक या तिन्ही गोष्टी एकत्रच अभ्यासल्या पाहिजेत, असे ते सांगत. शहरात काही बदल सुचवायचा तर आधी ते शहर पायी हिंडून पाहावे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या व्याख्यानांना संस्कृतचा एक तरुण एम.ए. येऊन बसत असे. मालवणात जन्मलेला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेला. त्याचे नाव गोविंद सदाशिव घुर्ये. परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती हवी होती, म्हणून त्याने गेडिसना एक निबंध लिहून दिला. विषय होता, नागरी केंद्र म्हणून मुंबई. त्या निबंधाने घुर्यांना इंग्लंडची वाट मोकळी करून दिली. केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि १९२४ मध्ये मुंबईत विभागाची धुरा घेतली, ती १९५९ पर्यंत वाहिली.

भारतीय समाजशास्त्राच्या इतिहासात हा निबंध एका ओळीत उरकला जातो. आजच्या विषयासाठी मात्र तो फार मोलाचा आहे. प्रदेश आणि संस्कृती यांचे पदव्युत्तर शिक्षण म्हटले की लालबाग-परळमधल्या बी.ए. झालेल्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर लंडन-शिकागोच्या विद्यापीठांची माहितीपत्रके येतात. हा अभ्यास दुसरीकडे कुठेतरी जन्मला, आपण फार तर त्याचे गिऱ्हाईक, असे त्यांना वाटते. तो फोर्टमध्ये शंभर वर्षांपूर्वी सुरू झाला होता, आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचे काही विषय ट्रामने गाठता येतील इतक्या अंतरावर होते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

त्या काळी या विभागात प्रबंध लिहून एम.ए. होता येई. इरावती कर्वे यांनी दक्षिणा फेलोशिप घेऊन घुर्यांकडे काम केले आणि १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवरच्या प्रबंधाला पदवी मिळवली. आपल्याच सासर-माहेरच्या समाजाकडे अभ्यासाच्या नजरेने पाहणे सोपे नसते. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी ते केले. म्हैसूरहून आलेल्या एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरमधील विवाह आणि कुटुंब हा विषय घेतला. तो एम.ए.चा प्रबंध १९४२ मध्ये पुस्तक होऊन बाहेर पडला. नीरा देसाई यांचा आधुनिक भारतातील स्त्रियांवरचा प्रबंधही एम.ए.चाच, तो १९५७ मध्ये छापला गेला, आणि पुढे एस.एन.डी.टी. विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे केंद्र उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. घुर्ये स्वतः पोथ्या, जनगणनेचे अहवाल आणि गॅझेटिअर यांत रमणारे. त्यांच्या या ग्रंथनिष्ठेवर पुढे श्रीनिवासांसारख्या शिष्यांनीच टीका केली, ती योग्यही होती. पण विद्यार्थ्याने आणलेला विषय लहान म्हणून त्यांनी परत पाठवला नाही. एक जात, एक वस्ती, एका जिल्ह्यातली लग्ने, एवढा आवाका एम.ए.ला पुरेसा आहे, हे त्यांनी मान्य केले होते.

आता परळकडे वळू.

१९३६ मध्ये जी. आर. प्रधान यांनी मुंबई शहरातील अस्पृश्य कामगारांवर एम.ए.चा प्रबंध सादर केला. पुढच्याच वर्षी बी. एच. मेहता यांनी याच शहरातल्या मेघवाळ समाजाच्या सामाजिक आणि आर्थिक स्थितीवर प्रबंध लिहिला. प्रधानांचा प्रबंध १९३८ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि त्याला प्रस्तावना लिहिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ती दुसऱ्या कोणाकडे मागणे शोभलेही नसते. परळच्या पोयबावडीजवळच्या बी.आय.टी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. परळच्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी त्यांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. प्रबंध ज्या माणसांबद्दल होता, त्यांच्या दाराला दार लावून प्रस्तावनाकाराच्या कुटुंबाने वीसहून अधिक वर्षे काढली होती.

बाबासाहेबांची स्वतःची एम.ए.ही या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखी आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एम.ए. झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण तिथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद पाहिली तर अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानवशास्त्राचे ४ असा पसारा दिसतो. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. वर्षभराने, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. पंचविशीतला, परळच्या चाळीतून गेलेला एक विद्यार्थी न्यूयॉर्कमध्ये जातीची उपपत्ती मांडतो, आणि ती मांडताना अर्थशास्त्र, इतिहास आणि मानवशास्त्र यांच्यामधली कुंपणे ओलांडतो. प्रादेशिक आणि सांस्कृतिक अभ्यास या नावाखाली आज जे शिकवले जाते, त्याचे याहून भक्कम उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही.

मग प्रश्न येतो प्रदेशाचा. लालबाग हा प्रदेश कुठे संपतो?

नकाशावर तो भायखळा आणि परळ यांच्यामध्ये मावतो. माणसांच्या येण्याजाण्यात तो सिंधुदुर्ग-रत्नागिरीपर्यंत आणि पलीकडे सातारा-कोल्हापूरच्या घाटापर्यंत पसरलेला आहे. गिरणगावात एकेका गावाची खोली असे. एका गावचे पुरुष एका खोलीत, प्रत्येकाची एक ट्रंक, महिन्याची वर्गणी, आणि पाळीप्रमाणे झोपण्याच्या वेळा. पहिल्या पाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. त्या खोलीतून गावचे ‘मुंबई मंडळ’ चाले. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, शिमग्याचा खर्च यांचे निर्णय आणि पैसे लालबागमधून जात. गावच्या शाळेचा इतिहास लिहायचा तर त्याची अर्धी कागदपत्रे परळच्या एखाद्या पेटीत सापडायची.

हेच धोबीतलावला निराळ्या वेशात दिसते. तिथे गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते, जेर महलसारख्या इमारतींत आजही काही आहेत. बोटीवर नोकरीला निघालेला वा परतलेला तरुण आपल्या गावच्या कुडात उतरे, संध्याकाळच्या प्रार्थनेला उभा राही, गावच्या संताचे फेस्त मुंबईत साजरे करी. कोकणी रंगभूमीचा पहिला तियात्र लुकासिन्हो रिबेरो यांनी १७ एप्रिल १८९२ रोजी सादर केला, तो मुंबईत. गोव्यातल्या प्रियोळचे अ. का. प्रियोळकर मुंबईत मराठी संशोधन मंडळाचे संचालक झाले आणि इथूनच त्यांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासाचे पायाभूत काम केले. म्हणजे गोव्याचा सांस्कृतिक अभ्यास गिरगाव-धोबीतलाव वगळून होत नाही, आणि लालबागचा अभ्यास कणकवली-चिपळूणची एस.टी. धरल्याशिवाय पुरा होत नाही. हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावाचा १९४२ ते १९८२ असा चाळीस वर्षांचा अभ्यास केला. पुरुष मुंबईला, बायका घरी, हे त्यांच्या १९८६ च्या पुस्तकाचे सूत्र नावातच आहे. गिरणीचा पगार गावातल्या शेतीचे आणि बाईच्या कष्टाचे काय करतो, हे त्यांनी गावात बसून पाहिले. त्याच गोष्टीचे मुंबईतले टोक म्हणजे खानावळी. घर गावी असलेल्या हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. ही दोन टोके एकत्र बांधणारा प्रबंध कोणीतरी लिहायला हवा, आणि तो एम.ए.च्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे.

कलांचेही तसेच. दामोदर नाट्यगृह सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये बांधले. तिथे दशावतार झाले, नमन झाले, कामगारांची नाटके झाली. लालबागच्या न्यू हनुमान थिएटरात मधुकर नेराळे यांनी तमाशाचे फड उभे केले. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत आज लोककला या विषयात एम.ए. करता येते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण नमन अकादमीत, कामगाराचा पगार अर्थशास्त्रात, चाळ समाजशास्त्रात आणि अण्णाभाऊ साठे मराठी विभागात, अशी वाटणी झाली की दामोदरच्या खुर्चीवर बसलेला प्रेक्षक कोणाच्याच वाट्याला येत नाही. तो दिवसा मागावर उभा असायचा, संध्याकाळी सभेला जायचा आणि रात्री बाल्या नाचात फेर धरायचा. त्याचे आयुष्य अभ्यासक्रमाच्या खात्यांत विभागलेले नव्हते.

इंग्लंडमध्ये नेमकी हीच अडचण काही शिक्षकांना जाणवली. रिचर्ड हॉगर्ट, रेमंड विल्यम्स आणि ई. पी. थॉम्प्सन हे तिघेही सुरुवातीची वर्षे प्रौढांच्या वर्गांना शिकवत होते. समोर बसलेल्या माणसांचे वाचन, गाणी, सवयी आणि इतिहास साहित्याच्या ठरलेल्या अभ्यासक्रमात बसेना, तेव्हा त्यांनी नवी पुस्तके लिहिली. हॉगर्ट यांनी १९६४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृती अभ्यासाचे केंद्र काढले, आणि ‘कल्चरल स्टडीज’ हे नाव जगभर गेले. परळमध्ये ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ पासून रात्रशाळा आणि वाचनालये चालवत होती. रात्रशाळेत बसलेला कामगार इथेही होता, त्याची गाणी आणि त्याचा संप इथेही होता. प्रधान-मेहतांसारखे अपवाद सोडले, तर विद्यापीठाने त्याला विषय मानायला मात्र फार वेळ लावला, आणि मानले तेव्हा गिरण्या बंद पडू लागल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांचे आवाज मौखिक इतिहासाच्या पद्धतीने गोळा करून ग्रंथ केला तो २००४ साली. त्यात बोलणारे कित्येकजण तोवर वृद्ध झाले होते.

या पुस्तकाचा मराठी अनुवाद ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ उपलब्ध आहे, हे समाधान. बाकी बहुतेक काम इंग्रजीत अडकून पडले. राजनारायण चंदावरकर यांचा गिरणगावावरचा मोठा ग्रंथ १९९४ मध्ये केंब्रिजहून निघाला. त्यांच्यासारख्या इतिहासकारांनी मुंबई विद्यापीठातले ते तीसच्या दशकातले प्रबंध वाचले, वापरले, तळटीपांत नोंदवले. परळच्या वाचनालयात त्या प्रबंधांची प्रत आली नाही. ज्यांच्या घरात शिरून माहिती घेतली, त्यांच्या नातवंडांना आपले आजोबा एका प्रबंधात आहेत हे ठाऊक नाही. या पहिल्या पिढीबद्दल आदर ठेवूनही हा दोष स्पष्ट सांगितला पाहिजे.

आणि मराठीत हे होऊच शकत नव्हते असे कसे म्हणावे? गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये मराठीत लिहिले. बाजार, देवळे, शाळा, व्यापार, जातीजमाती, सगळे एका माणसाने हिंडून, विचारून नोंदवले. विद्यापीठ तेव्हा जेमतेम सहा वर्षांचे होते. जवळजवळ शतकाने, १९६१ मध्ये, न. र. फाटकांच्या संपादनाखाली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने ते पुन्हा छापले. एम.ए.च्या पातळीवर मराठीला स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे आयुष्याच्या अखेरपर्यंत विद्यापीठात झगडले, त्यामागेही हाच विचार असणार: जिथले ज्ञान, तिथल्या भाषेत ते उभे राहावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने येणारा निधी ताम्रपट आणि महानुभावांच्या पोथ्यांना मिळावाच. त्यातला काही वाटा काळाचौकीच्या मंडळांच्या इतिवृत्तांनाही मिळाला पाहिजे, कारण तीही मराठीच आहे.

आज परिस्थिती एका बाजूने अनुकूल झाली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी रचना २०२३ मध्ये आली, तिच्यात दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी ४ संशोधनपद्धतीला, ४ प्रत्यक्ष कामाला किंवा क्षेत्रप्रकल्पाला आणि १० संशोधन प्रकल्पाला आहेत. तिसऱ्या सत्रात ४, चौथ्या सत्रात ६. एम.फिल. बंद झाल्यामुळे पीएच.डी.च्या आधी संशोधन शिकण्याची ही महत्त्वाची जागा उरली आहे. म्हणजे घुर्यांच्या काळचा एम.ए. प्रबंध लहान आकारात परत आला. दुसरी बाजू चिंतेची आहे. ‘शोधगंगा’वर पीएच.डी.चे प्रबंध चढवले जातात, एम.ए.च्या प्रकल्पांची अशी कायमची सोय नाही. गुण भरले की पुष्कळ प्रकल्प विभागाच्या कपाटात जातात आणि कपाट भरले की रद्दीत. विद्यार्थ्यालाही ते कळते, आणि मग तो आंतरजालावरून उतरवलेली चाळीस पाने बांधून देतो. आपले लिहिलेले कोणी वाचणार नाही अशी खात्री असताना चांगले लिहिण्याची अपेक्षा कोणाकडून करायची?

विषयांचा तुटवडा तर नाहीच. १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ बीडीडी चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे उभ्या होत्या, साधारण १६० चौरस फुटांची एकेक खोली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे अरुंद खोलीत काढलेल्यांना मोठे घर मिळाले, याचा आनंदच आहे. पण चाळीतला सामाईक व्हरांडा गेल्यावर शेजारधर्म, भांडणे, आजारपणातली मदत, मुलींवरची नजर, जातीपातीची अंतरे यांचे काय होते, हे आत्ता दोन-चार वर्षांतच विचारता येईल. नंतर लोकांच्या आठवणी गोड होत जातात. गिरगावात मेट्रो आली आणि तिच्या कामासाठी जुन्या इमारती हलल्या. तिथल्या भाडेकरूंच्या पिढ्यांचा हिशोब कोणी मांडला आहे? केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव १८९३ चा, लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ चे. वर्गणीच्या पावत्या, स्मरणिका, देखाव्यांचे विषय, जमाखर्चाच्या वह्या एकत्र लावल्या तर या शहराचा शंभर वर्षांचा सामाजिक इतिहास हाती येईल. दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. तिथे काम केलेल्या बुकिंगवाल्यांच्या, पडदेवाल्यांच्या मुलाखती घ्यायला उशीर करून चालणार नाही.

यासाठी तयारी लागते, आणि ती कष्टाची आहे. जुनी कागदपत्रे वाचायची तर मोडी यायला हवी. तिचे वर्ग पुराभिलेख संचालनालय घेते. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे दप्तरखाने आहेत. १९२१ पासूनचे ‘लेबर गॅझेट’ आहे, त्यात कामगाराच्या घरातल्या धान्याचा आणि रॉकेलचा खर्च सापडतो. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत दुर्गा भागवतांनी वर्षानुवर्षे बसून वाचन केले, आणि लोकसाहित्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास मराठीत आणला. मुलाखत घेण्याचे शिक्षण तर आणखी नाजूक. परवानगी कशी मागायची, कोणाचे नाव झाकायचे, रडू आले तर ध्वनिमुद्रण थांबवायचे की नाही, हे पुस्तकातून अर्धेच कळते. लालबागच्या मुलीला लालबागमध्ये काम करताना ओळखीचा फायदा मिळतो आणि ओळखीचाच अडसरही होतो. काकू तिला चहा देतील, पण घरातले कर्ज सांगणार नाहीत. इरावतीबाईंपुढेही हाच पेच असणार.

नोकरीचे काय, हा घरातून येणारा प्रश्न खरा आहे. संग्रहालये, अभिलेखागारे, गॅझेटिअर विभाग, अनुवाद, वृत्तपत्रे, माहितीपट, अध्यापन इथे अशा माणसांची गरज आहे, पण जागा मोजक्या आहेत आणि त्या वाढवण्याची जबाबदारी शासनाची आणि महापालिकेची आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. तिथे मराठी जाणणारे, गिरणगावावर प्रबंध लिहिलेले तरुण अभ्यासक पगारी जागांवर नेमले जावेत, ही मागणी या सभागृहातून लेखी जायला हवी.

दुसरी मागणी आपल्या हातातली आहे. मुंबईच्या वस्त्यांवरचा प्रत्येक एम.ए. प्रकल्प, सोबत पाच-सहा पानांचा मराठी गोषवारा जोडून, त्या वस्तीतल्या वाचनालयात ठेवला जावा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ मध्ये स्थापन झालेले; गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ आहे, १९३५ मध्ये स्थापन झालेला. मंडळांची लहान वाचनालये परळ-शिवडीत जागोजाग आहेत. प्रधान आणि मेहता यांच्या प्रबंधांच्या प्रती मिळवून त्यांचे मराठी अनुवाद करून घेण्याचे काम यांतली एखादी संस्था अंगावर घेऊ शकते. आणि विद्यार्थ्यांचे विषय तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला ठरतात. आपल्याकडे कोणत्या वह्या, कोणती छायाचित्रे, कोणती बोलायला तयार असलेली वडीलधारी माणसे आहेत, याची यादी मंडळांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत करून मे अखेरपर्यंत विभागप्रमुखांकडे पाठवली, तर ती विषय ठरण्याआधी त्यांच्या हाती पडेल.